गाडी उभी असताना

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

नव्या इलेक्ट्रिक गाडीचा रंग, सनरूफ, स्क्रीन केवढी हवी, हे सगळं तू ठरवलंस. त्यात मी पडत नाही. पण चार्जिंगचं विचारलं तेव्हा म्हणालास, "त्यात काय, मोबाइलसारखं रात्री लावायचं, सकाळी काढायचं." हे अर्धंच खरं आहे. मोबाइलचा चार्जर वीसेक वॅट ओढतो. गाडीसोबत येणारा, भिंतीच्या सॉकेटला लागणारा चार्जर १२ अँपिअर घेतो, म्हणजे २३० व्होल्टला जवळजवळ पावणेतीन हजार वॅट, आणि तेही सलग आठ-दहा तास. गीझरही एवढी वीज खातो, पण पाणी तापलं की बंद होतो. इस्त्री मधूनमधून थांबते. न थांबता रात्रभर एवढा करंट ओढणारं दुसरं काहीही सहसा घरात नसतं. म्हणून माझं म्हणणं असं की, पेट्रोलची गाडी चालवताना जपावी लागते आणि ही उभी असताना. ती कुठे, कशी आणि किती चार्जवर उभी राहते, यावर तिचं बरंच काही ठरतं.

पहिलं काम वायरिंगचं, आणि ते गाडी घरी येण्याआधी व्हायला हवं. मेन बोर्डापासून सॉकेटपर्यंत स्वतंत्र लाइन ओढून घे. त्या लाइनवर दुसरा दिवा-पंखाही नको. १६ अँपिअरच्या सॉकेटला ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा टाइप ए आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारं स्विच. वायरमन म्हणेल, अडीचची वायर पुरते. गीझरला पुरते, रात्रभराच्या चार्जिंगला मी ती लावणार नाही. सॉकेट चांगल्या प्रतीचं, घट्ट पकडीचं घे, कारण गडबड बहुतेक वेळा वायरमध्ये नसते, जोडात असते. सॉकेटमागचा स्क्रू जरा सैल राहिला आणि तिथे नुसता ०.१ ओहम रोध तयार झाला, तरी १२ अँपिअरला त्या नखाएवढ्या जागेत १४ वॅट उष्णता साठत राहते. तापलं की तांबं फुगतं, गार झालं की आकसतं, आणि रोज रात्री असं होत गेलं की जोड आणखी सैल होतो. मग सॉकेट पिवळं पडतं, वास येतो, शेवटी वितळतं. पहिल्या दिवशी चार्जिंग लावून तासाभराने प्लगला हात लावून बघ. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर तिथेच थांबव. दर दोन-तीन महिन्यांनी मेन बंद करून वायरमनकडून ते स्क्रू आवळून घेत जा. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको, आणि गुंडाळी करून ठेवलेली एक्स्टेंशन केबल तर त्याहून वाईट, तिची उष्णता बाहेरच पडत नाही.

लावताना आधी भिंतीत प्लग, मग गाडीत गन, म्हणजे केबलचं गाडीत लागणारं टोक. काढताना उलटं: आधी गाडीकडून चार्जिंग थांबव, गन काढ, मग भिंतीतला प्लग. चालू करंटवर भिंतीतून प्लग ओढलास तर आत ठिणगी पडते आणि सॉकेटच्या पट्ट्या हळूहळू जळतात.

अर्थिंगवर मी जास्त लिहिणार आहे, कंटाळू नकोस. चार्जर वीज सोडण्याआधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल किंवा कच्चं असेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो. अशा वेळी काही जण "उपाय" म्हणून सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थची पिन तारेने जोडून देतात. दिवा हिरवा होतो, चार्जिंग सुरू होतं, सगळे खूश. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली, तर त्या तारेतून गाडीच्या अख्ख्या पत्र्यावर करंट येतो. कुणीही असं करून देतो म्हणाला तर त्याला परत पाठव. तपासणी साधी आहे. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ ही दोन्ही रीडिंग जवळजवळ सारखी यायला हवीत, आणि लोड चालू असताना न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर काही दिसता कामा नये.

७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर हवाच का? माझ्या मते लगेच नको. हिशोब कर. ४० युनिटची बॅटरी धरू आणि गाडी किलोमीटरला १४० वॅट-तास खाते असं समजू. रोजचे ५० किलोमीटर म्हणजे ७ युनिट, चार्जिंगमध्ये वाया जाणारं धरून मीटरवर ८. साध्या सॉकेटवर तीन तासांचं काम. २० टक्क्यांवरून ८० करायचं तरी मीटरवरचे साधारण २७ युनिट, म्हणजे दहा तास. मोठा चार्जर हेच काम पावणेचार तासांत करतो, पण त्याला ३२ अँपिअर लागतात, म्हणजे किमान ६ स्क्वेअर एमएम वायर (अंतर पंचवीस-तीस मीटरच्या पुढे असेल तर १०), ४० अँपिअरचा एमसीबी, आणि घराचा मंजूर भार वाढवून घेणं. शिवाय त्याला साधा एसी टाइप आरसीसीबी चालत नाही. गाडीच्या चार्जरमधून थोडा डीसी (एकाच दिशेने वाहणारा) करंट गळला तर त्या आरसीसीबीचा गाभा सुन्न होतो आणि खरा शॉक लागतानाही तो पडत नाही. टाइप बी हवा, किंवा टाइप ए आणि चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरचं डीसी गळती ओळखणारं संरक्षण. आणखी एक: बाहेर कुठे २२ किलोवॅटचा एसी चार्जर दिसला म्हणून हुरळू नकोस. एसीचं डीसी करणारा चार्जर गाडीच्या आत असतो. तो ७.२ चा असेल तर बाहेर कितीही मोठा आकडा लिहिलेला असो, गाडी ७.२ च घेणार.

आता किती टक्क्यांपर्यंत भरायचं. "८० च्या वर कधीच नको" हे सगळे सांगतात, पण ते प्रत्येक गाडीला लागू नाही. आधी तुझी बॅटरी कुठल्या जातीची आहे ते माहितीपुस्तिकेत बघ. निकेल-मँगनीज-कोबाल्टची, म्हणजे एनएमसी असेल, तर रोजची मर्यादा ८० टक्के ठेव. प्रवासाआधी १०० कर, पण भरून झाल्यावर लवकर निघ. पूर्ण भरलेल्या अवस्थेत, त्यातही उन्हात, दिवसचे दिवस उभं राहणं या बॅटरीला म्हातारं करतं. गाडीतच वेळ लावायची सोय असते. निघायच्या तासभर आधी चार्जिंग संपेल असं लाव. एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटची असेल, तर उलट आठवड्यातून एकदा १०० टक्के करायलाच हवं. या सेलचा व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे व्होल्टेजवरून किती चार्ज उरला ते संगणकाला नीट कळत नाही. टोकाला पोचल्यावरच त्याचा हिशोब जुळतो. कित्येक आठवडे ३० ते ७० मध्येच खेळत राहिलास तर एखाद्या दिवशी १५ टक्क्यांवरून काटा एकदम ५ वर येईल, आणि तेव्हा दोष गाडीचा नसेल. दोन्ही जातींना एक पथ्य सारखंच: ५-१० टक्क्यांवर आणून गाडी चार दिवस टाकून द्यायची नाही.

महिनाभर गाडी हलणार नसेल तर ४० ते ६० टक्क्यांवर ठेव. सभोवतालचं चित्रण करणारे कॅमेरे बंद कर आणि ॲप उघडून सारखं सारखं "गाडी कशी आहे" बघू नकोस. प्रत्येक वेळी तू तिला झोपेतून उठवतोस, आणि तो खर्च आधी १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीतून होतो.

ही छोटी बॅटरी नीट समजून घे, कारण रस्त्यात अडकलेल्या कितीतरी इलेक्ट्रिक गाड्या मोठी नाही, ही बॅटरी संपल्यामुळे अडकतात. दरवाज्याची कुलपं, स्क्रीन, सगळे संगणक आणि मुख्य म्हणजे मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे स्विच, म्हणजे काँटॅक्टर, या १२ व्होल्टवर चालतात. काँटॅक्टर जुळले नाहीत तर मोठी बॅटरी ७० टक्के भरलेली असूनही गाडीशी जोडलीच जात नाही. आधी खुणा दिसतात: एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच वॉर्निंग एकदम येतात, स्क्रीन आपोआप रीस्टार्ट होतो, दरवाज्याचं हँडल बाहेर येत नाही. तीन वर्षं झाली की दर सर्व्हिसला ती तपासून घे. गाडीत बसून गाणी ऐकायची असतील तर नुसती ॲक्सेसरी चालू ठेवू नकोस. "रेडी" दिसेपर्यंत गाडी चालू कर, म्हणजे मोठी बॅटरी छोटीला भरत राहते. चावीच्या रिमोटमधली लोखंडी चावी कशी निघते, ती दारात कुठे लागते आणि जंप द्यायचे टर्मिनल कुठे आहेत, हे आजच बघून ठेव, अंधारात शोधत बसू नये. दुसऱ्याच्या पेट्रोल गाडीला मात्र आपल्या गाडीवरून जंप द्यायचा नाही. बहुतेक कंपन्या त्याला स्पष्ट मनाई करतात, कारण स्टार्टर एका झटक्यात शेकडो अँपिअर ओढतो.

चालवण्याबद्दल थोडक्यात. स्क्रीनवरची रेंज हा अंदाज आहे, मागच्या काही किलोमीटरांवरून काढलेला. घाट उतरून आलास की ती उगाच वाढलेली दिसेल. टक्के आणि किलोमीटरमागचे वॅट-तास हे दोनच आकडे बघ. ८० च्या जागी १०० ने गेलास तर हवेचा विरोध ५६ टक्क्यांनी वाढतो; रेंज खाणारं सगळ्यात मोठं कारण हेच. केबिन गार झाल्यावर एसी तासाला साधारण एक युनिट घेतो, म्हणजे सात किलोमीटर, त्यासाठी घाम काढत बसू नकोस. हीटर महाग, साधा असेल तर सुरुवातीला तीन ते पाच किलोवॅट. थंडीत सीट गरम करणं स्वस्त पडतं, आणि प्लग लावलेला असतानाच केबिन तापवून घेतलं तर आणखी बरं. बॅटरी १०० टक्के असताना रिजन, म्हणजे वेग कमी होताना मोटरने वीज परत बॅटरीत भरणं, जवळजवळ मिळत नाही, ऊर्जा ठेवायला जागाच नसते. सकाळी निघाल्यावर पाय उचलूनही गाडी नेहमीसारखी मंदावणार नाही, पाय ब्रेकवर तयार ठेव. रिजनमुळे ब्रेक कमी वापरले जातात आणि डिस्कवर गंज धरतो, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा मोकळ्या रस्त्यावर खरे ब्रेक जोरात दाब. आणि गाडी आवाज करत नाही हे पार्किंगमध्ये विसरू नकोस. लहान मुलं आणि कुत्री आवाजाने बाजूला होतात.

लांबच्या प्रवासात फास्ट चार्जरला १०-१५ टक्के उरलेले असताना पोच आणि ७०-८० झाले की निघ. पुढे सेलचा व्होल्टेज वरच्या मर्यादेला टेकतो, म्हणून गाडी स्वतःच करंट कमी करत जाते. ८० ते १०० ला पुष्कळदा १० ते ८० इतकाच वेळ लागतो, आणि मागे रांग उभी असते. ठरवलेल्या चार्जरच्या पुढचा-मागचा दुसरा चार्जर लक्षात ठेव आणि तिथे पोचण्यापुरता चार्ज राखून ठेव. दोन गनचा चार्जर असेल तर दुसरी गाडी लागल्यावर वीज वाटली जाते, वेग निम्म्यावर आला म्हणून घाबरू नकोस. चार्जिंग सुरूच होत नसेल तर बहुतेकदा गन लोंबकळल्यामुळे सिग्नलची पिन नीट टेकत नाही. सुरू होईपर्यंत हाताने खालून आधार दे. तरी नाही झालं तर गन काढून जागेवर ठेव, अर्धा मिनिट थांब, पुन्हा लाव. गन गाडीत अडकली तर ओढाताण करू नकोस. आधी गाडी अनलॉक कर, नाही सुटली तर हाताने सोडवायची दोरी बहुतेक गाड्यांत बूटमध्ये किंवा बॉनेटखाली असते.

पावसात गन लावायला हरकत नाही, लॉक आणि तपासणी झाल्याशिवाय वीज येतच नाही. भिंतीतलं सॉकेट आणि केबलवरचा डबा मात्र कोरडा हवा. साचलेल्या पाण्यात गाडी घालू नकोस. गाडी पाण्यात बुडून राहिली असेल तर चालू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही. बंद पडली तर फ्लॅटबेडवरच, म्हणजे सपाट ट्रकवर चढवूनच न्यायची, चालवणारी चाकं जमिनीवर फिरवत ओढली की मोटर वीज तयार करू लागते. उच्च दाबाच्या विजेच्या नारिंगी केबलला हात नाही, बॉनेटखाली प्रेशर वॉशर नाही. कूलंट कमी झालं म्हणून नळाचं पाणी ओतू नकोस. बऱ्याच गाड्यांत वीज कमी वाहून नेणारं खास कूलंट असतं. वजन आणि सुरुवातीचा जोर या दोन्हींमुळे टायर लवकर झिजतात: हवा पंधरा दिवसांनी, अदलाबदल १०,००० किलोमीटरला, नवे घेताना भार-क्षमतेचा आकडा जुन्याइतकाच. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी.

गाडी ताब्यात घेताना एसी आणि डीसी, दोन्ही पोर्टवर पाच-पाच मिनिटं चार्जिंग करून दाखवायला सांग. स्टेपनी आहे की नुसता पंक्चर किट, तेही विचार. वॉरंटीच्या कागदावर बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार, ते लिहिलेलं आहे का वाच.

वायरमन येईल तेव्हा बोर्ड बंद करण्याआधी जोडांचे फोटो काढून मला पाठव. गाडी अजून आलेली नसली तरी त्या सॉकेटला रूम हीटर लावून अर्धा तास चालव आणि हीटर चालू असतानाच न्यूट्रल-अर्थचं रीडिंग घ्यायला सांग. तो आकडा फोटोखाली लिही.

तुझी,
आई