गोळी घरात, तपासणी 40 किलोमीटरवर

महोदय,

माझ्या आईला तीन वर्षांपासून डायलेटेड कार्डिओमायोपॅथी, म्हणजे हृदयाचा स्नायू अशक्त होऊन हृदय फुगण्याचा आजार आहे. पंपिंग 25 टक्क्यांवर आले तेव्हा इकोमध्ये डाव्या कप्प्याच्या टोकाशी रक्ताची गुठळी दिसली आणि डॉक्टरांनी वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली. स्नायू नीट आवळत नसला की रक्त तिथे रेंगाळते आणि साकळते; त्यातली गुठळी सुटून मेंदूत गेली तर लकवा मारतो, हे त्यांनी कागदावर हृदय काढून समजावले होते.

गेल्या हिवाळ्यात आईचे गुडघे दुखू लागले म्हणून आम्ही औषध दुकानातून, चिठ्ठीशिवाय, वेदनाशामक गोळ्या आणल्या. पाचव्या दिवशी सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे डाग दिसले. हिरड्यांतून रात्रभर रक्त झिरपत होते. 2 ते 3 च्या दरम्यान असायला हवा तो आयएनआर, म्हणजे रक्त साकळायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीतला आकडा, 6 च्या वर गेला होता. वॉरफेरिनची मात्रा वजनावर ठरत नाही, या तपासणीवर ठरते, आणि दुसरे एखादे औषध, आजारपण किंवा आहारातला बदल हा आकडा बिघडवू शकतो. मेथी-पालक बंद करायची नसते, रोजचे प्रमाण सारखे ठेवायचे असते, हेही आम्हाला त्यानंतरच कळले.

हृदय अशक्त असलेल्या प्रत्येकाला ही गोळी द्यावी, असे माझे म्हणणे नाही. वॉरसेफ या 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ठोके नियमित असलेल्या 2,305 रुग्णांची अ‍ॅस्पिरिन आणि वॉरफेरिन अशी तुलना झाली. वॉरफेरिनने गुठळीमुळे होणारा लकवा कमी झाला, पण मोठे रक्तस्राव वाढल्याने एकूण फायदा उरला नाही. मात्र ज्यांच्या हृदयात गुठळी दिसली आहे किंवा ज्यांचे ठोके एट्रियल फिब्रिलेशनने अनियमित झाले आहेत, त्यांना अशा औषधाची गरज असते. रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांना आयएनआर तपासावा लागत नाही, हे खरे. पण त्या सगळ्यांना चालत नाहीत आणि सगळ्यांना परवडतही नाहीत.

आमच्या गावातून आयएनआरसाठी 40 किलोमीटर जावे लागते. आई पहाटेच्या एसटीने निघते, अहवाल संध्याकाळी मिळतो, आणि मात्रा बदलायची की नाही हे दुसऱ्या दिवशी फोनवर कळते. पावसाळ्यात दोन महिने ती जाऊच शकली नाही. बोटाच्या एका थेंबावर काही मिनिटांत आयएनआर सांगणारी यंत्रे उपलब्ध आहेत. ती निदान प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात असावीत आणि आठवड्यातला एक दिवस या तपासणीसाठी राखून ठेवावा, अशी सार्वजनिक आरोग्य विभागाला माझी कळकळीची विनंती आहे. औषध दुकानदारांनीही वेदनाशामक देण्यापूर्वी गिऱ्हाइकाला एवढे विचारावे, की घरात कुणाची रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?

एका रुग्णाचा मुलगा,
जि. सातारा