आई-बाबा, प्लॉट ठरलाय, आता तुम्ही बघा

प्रिय आई-बाबा,
सा.न.

परवा कॉलवर धाकटी मध्येमध्ये करत होती आणि आवाजही तुटत होता त्यामुळे नीट काही सांगता आलं नाही, आणि बाबा, तुम्ही "तुझं तू ठरव बाई" म्हणून फोन आईकडे दिलात तेव्हाच कळलं की तुम्हाला पटलेलं नाहीये. म्हणून घर बांधायला जो प्लॉट आम्ही ठरवतोय त्याचं सगळं लिहून काढतेय. चष्मा लावून सावकाश वाचा.

जागा निस्वा गावाजवळ आहे, ब्रेनर्ड शहराच्या जरा उत्तरेला. आमच्या मेपल ग्रोव्हच्या घरापासून सव्वादोन तास. इकडे अमेरिकेत मिनेसोटाला दहा हजार तळ्यांचं राज्य म्हणतात, पण 10 एकर किंवा त्याहून मोठी तळी मोजली तर 11,842 भरतात आणि या भागात तर रस्ता जरा वळला की पाणी दिसतंच. प्लॉट सव्वा एकराचा, म्हणजे आपल्याकडचे 50 गुंठे. सगळी झाडी, आणि मागच्या अंगाला गोल्फ कोर्स. आम्ही दोघंही गोल्फ खेळत नाही, मग तिथे कशाला, हा आईचा प्रश्न अगदी बरोबर आहे.

खरं सांगायचं तर आधी मला तळ्याच्या काठावरच जागा हवी होती. वर्षभर तेच बघत होतो. पण काठावरच्या जागेची किंमत आपल्या आवाक्याच्या तिपटीवर, आणि तळ्यापासून 1000 फुटांपर्यंत बांधकामाचे आणि झाडं तोडायचे नियम वेगळे, कडक. तेही एकवेळ जमवलं असतं. पण काठावर उभी राहिले की मला 2021 चा जुलै आठवायचा, चिपळूणच्या घरात साडेचार फूट पाणी, आई माळ्यावर बसलेली आणि तुमचा फोन लागत नव्हता ते 14 तास. तुम्ही 2005 च्या पुरापासून सांगत होतात की पाणी आपली वाट विसरत नाही. तिथली तळी शांत असतात, वाशिष्ठीसारखी चढत नाहीत, हे मला माहीत आहे, तरी माझं मन काही होईना.

मग कोर्सच्या कडेचे दोन प्लॉट निघाले. एजंटने फोटो पाठवले ते सप्टेंबरचे, पिवळी लाल पानं, मस्त ऊन. मी म्हटलं आत्ता नाही बघायचे. तुम्ही म्हणायचात ना, जमीन घ्यायची तर भर पावसात जाऊन बघावी, तर इथला पाऊस म्हणजे एप्रिल, बर्फ वितळतो तेव्हाचा. थांबलो सहा महिने आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गमबूट घालून गेलो. पहिल्या प्लॉटवर मधोमध घोट्याच्या वर पाणी, आणि झाडं बघितली तर ब्लॅक अॅशची, ती पाणथळ जमिनीतच येतात. बाबा, तुम्ही माहेराच्या वाटेवर करंजाची झाडं दाखवून सांगायचात ना की इथे खाली पाणी आहे, अगदी तसंच. दुसरा प्लॉट उंचवट्यावर. वर नॉर्वे पाइन आणि बर्च, खाली पानांचा थर, बुटाने उकरलं तर वाळूमिश्रित माती, मुठीत दाबली तर गोळा होईना, सुटून जाते. तिथेच मी तुमच्या जावयांकडे बघितलं आणि ते हसले.

पण गोल्फचा हिशोब वेगळाच असतो हे त्या दिवशी कळलं. बहुतेक खेळणारे उजवे, आणि नवख्या माणसाचा फटका उजवीकडे वाकतो, त्यामुळे फटका मारायच्या जागेवरून पुढे बघितलं तर उजव्या हाताला जी घरं असतात त्यांच्या काचा फुटतात. तो पाण्याचा प्लॉट नेमका तिथेच. थोरल्याने पायाने पानं उडवली तर दहा मिनिटांत 11 चेंडू निघाले आणि एक तर पाइनच्या सालीत अर्धा रुतलेला. आपला प्लॉट डाव्या हाताला आहे, फटका मारायच्या जागेच्या थोडा मागे. तिथे चेंडू येत नाही, पहाटे गवत कापायच्या मशीनचा आवाज मात्र येणार, तो मी धरून चाललेय. उद्या कोर्स बंद पडला तर ती जमीन विकलीही जाऊ शकते, म्हणून कोर्सकडच्या कडेची आपल्या हद्दीतली 40 फुटांची झाडी अजिबात तोडायची नाही असं आम्ही ठरवलंय. आणि गवताला खतं मारतात, जमीन वाळूची, म्हणून शेजारच्यांच्या बोअरचा रिपोर्ट मागून घेतला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे 10 मिलिग्रॅम आहे (त्यातला नायट्रोजन मोजून), त्यांचं 1 च्या आत आलं. सेप्टिकसाठीही मातीची तपासणी झाली, एक जागा आत्तासाठी आणि एक पुढेमागे लागली तर.

झाडांचं आई सारखं विचारत होतीस ना, किती तोडणार म्हणून. घरापुरती आणि रस्त्यापुरतीच. जी ओकची आहेत त्यांना एप्रिल ते जुलै कुऱ्हाड लावायची नाही, ताज्या जखमेवर भुंगे बसतात आणि त्यांच्याबरोबर बुरशी येते, मुळांतून शेजारचीही झाडं जातात. म्हणून तोडणी जानेवारीत. आणि थंडीत जमीन खोलवर गोठते, पाया 5 फूट खाली न्यावा लागतो, त्यामुळे खोदकाम मे महिन्यात. घर व्हायला पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर उजाडेल.

आई, तुला वाटतंय मी तुम्हाला जंगलात नेऊन टाकणार. तसं नाहीये ग. ब्रेनर्डचं हॉस्पिटल 20 मिनिटांवर आहे, हे मी सगळ्यात आधी बघितलं. निस्वातून जुन्या रेल्वेलाइनचा पक्का रस्ता केलाय, चालायला आणि सायकलला, रेल्वेचा असल्यामुळे चढउतार जवळपास नाहीच, बाबांच्या गुडघ्याला झेपेल. जूनमध्ये डास खूप असतात, आणि झाडीतून आलं की अंगावर गोचीड आहे का ते बघावं लागतं, हे आधीच सांगून ठेवते. पण संध्याकाळी तळ्यावरून लून नावाच्या पाणपक्ष्याचा आवाज येतो, लांब, गळ्यातून काढल्यासारखा, मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा गाडीतून उतरून उभीच राहिले. तुझी खोली खालीच ठेवलीय, पायरी नाही, आणि खिडकी पूर्वेला.

बाबा, सही अजून केलेली नाही. 10 दिवस आहेत. सोबत नकाशा पाठवतेय, उंचीच्या रेषा काढलेला, उतार ईशान्येकडे आहे. 38 वर्षं तुम्ही कालव्यांवर पाणी कुठे जातं तेच बघितलंत, तर मला एवढंच सांगा की गॅरेज उताराच्या वरच्या बाजूला घेऊ की खालच्या. मला वरचं बरं वाटतंय, जावयांना खालचं. शनिवारी तुमच्या सकाळी आठला कॉल करते, धाकटीला झोपवून. आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात याल तेव्हा तुमचा तो लेव्हलचा पारदर्शक पाइप बॅगेत टाका, पाया घालताना तुम्ही तिथे असायला हवेत.

तुमची,
ताई