काकांच्या एक्सपीचं बिऱ्हाड

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

काकांच्या छापखान्यातला कॉम्प्युटर आता धड सुरूच होत नाही आणि दिवाळी अंकांच्या फायली पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकून पडल्यात, असं तू लिहिलंस. त्या डब्याच्या दुरुस्तीवर पैसे घालू नकोस. हार्ड डिस्क काढून फायली उतरवून घे आणि विंडोजची जुनी आवृत्ती एक्सपी तुझ्या लॅपटॉपमध्येच बसव. माझ्याकडे तसंच चालू आहे.

ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं. लॅपटॉपची थोडी मेमरी आणि डिस्क घेऊन ते आत एक खोटा कॉम्प्युटर उभा करतं. एक्सपी त्यात पोटभाडेकरूसारखा राहतो, घर दुसऱ्याचं आहे याचा त्याला पत्ताही नसतो. एक जीबी रॅम आणि वीस जीबी डिस्क त्याला रग्गड झाली. 2001 सालचा जीव तो. आधी बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप सुरू होतानाच उघडायच्या सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन (असा खोटा कॉम्प्युटर चालवायची सोय) चालू आहे ना, ते बघ. बंद असलं तर मशीन उठणारच नाही. एक्सपीची मूळ सीडी आणि तिची की मात्र काकांच्या कपाटातून शोधून काढ. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसेल तर कुणाकडून तरी तिची आयएसओ, म्हणजे अख्ख्या सीडीची एक फाईल, करून घे. माउस आत अडकला की उजवीकडचं कंट्रोल दाबायचं, लगेच सुटतो.

एक्सपीला इंटरनेट अजिबात देऊ नकोस. मायक्रोसॉफ्टने एप्रिल 2014 मध्येच त्याचे सुरक्षा अपडेट बंद केलेत. सेटिंगमध्ये नेटवर्क काढून टाक. फायली शेअर्ड फोल्डरमधून आत-बाहेर करता येतात. पेजमेकर आणि फॉन्ट टाकायच्या आधी एक स्नॅपशॉट घे, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेव. काही बिघडलं तर क्षणात मागे जाता येतं. खऱ्या मशीनवर ही चैन कुठली!

खरी मेख आहे ती श्रीलिपीच्या लॉकमध्ये, म्हणजे ते मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला जी छोटी किल्ली लावावी लागते तिच्यात. यूएसबीचा असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या डिव्हाइसेस मेन्यूत त्याच्यावर टिक केली की तो आत दिसतो, मग एक्सपीत त्याचा ड्रायव्हर टाकायचा. प्रिंटरच्या पोर्टाला लावायचा जुना लॉक असेल तर पंचाईत आहे, कारण लॅपटॉपला ते पोर्टच नसतं.

फायली उघडल्या की आधी प्रत्येक अंकाची पीडीएफ काढ, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या मराठी अक्षरांत, आणायचं नंतर बघू. तो मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून बघ, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र खुणा दिसतील. त्या फॉन्टांनी मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेत. त्यात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं. कन्व्हर्टर बहुतेक ठिकाणी तेवढ्यातच घसरतात, तेव्हा मुद्रितशोधन पुन्हा करावंच लागेल. ते काकांवर सोपव, त्यांची नजर अजून पक्की आहे.

लॉक कोणता आहे ते बघून कळव. यूएसबीचा निघाला तर रविवारी लॅपटॉप घेऊन इकडेच ये, बसूनच लावू. काकांना नमस्कार सांग.

तुझा,
मिलिंद