लायसन्सच्या पॅकेजमध्ये शिकवणीचे १० तास कुठे गेले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीची परीक्षा संपली की ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पालकांची गर्दी सुरू होते. विचारणा बहुतेकांची एकच असते. "पोरगा अठराचा झालाय, टू व्हीलर-फोर व्हीलर दोन्हीचं लायसन्स काढून द्या, किती होतील?" शाळेचा दाखला काढावा तसं लायसन्स काढायचं, हे आपल्या बोलण्यातच मुरलं आहे. रोज किती वेळ शिकवणार, गाडीत आणखी किती मुलं असतील, वर्गात काय शिकवणार, हे विचारणारे पालक फार थोडे. कायद्याने त्यांच्या मुलांना शिकवणीचा जो हक्क दिला आहे तो बहुतेकांना माहीतच नसतो. तो माहीत व्हावा म्हणून हे पत्र.

आधी एक गैरसमज. पहिल्या लायसन्ससाठी दहावी पास असावं लागतं, असं अजूनही अनेक घरांत मानलं जातं. खासगी दुचाकी किंवा कारसाठी शाळेच्या इयत्तेची अट नाही. व्यावसायिक वाहनासाठी पूर्वी आठवी पासची अट होती, तीही २०१९ मध्ये काढली. दहावीचं प्रमाणपत्र किंवा शाळा सोडल्याचा दाखला लागतो तो वयाच्या पुराव्यासाठी. तिथे घोळ होतो नावाचा. बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं, कुठे स्पेलिंग वेगळं. लायसन्सच्या सरकारी 'सारथी' पोर्टलवर अर्ज भरण्यापूर्वी दोन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहा. आधारमध्ये दुरुस्ती लागणार असेल तर ती आधी करून घ्या, नाहीतर सुट्टी त्यातच जाते.

आता शिक्षणाची खरी अट. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ३१ ड्रायव्हिंग स्कूलचा अभ्यासक्रम ठरवतो. खासगी वाहनासाठी प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तासांचं असलं पाहिजे. शिवाय वाहन चालवण्याची तत्त्वं आणि वाहतुकीचे नियम वर्गात शिकवायचे आहेत. प्रत्येक स्कूलने दोन नोंदवह्या ठेवायच्या आहेत: फॉर्म १४ मध्ये प्रवेशाची नोंद आणि फॉर्म १५ मध्ये प्रत्येक शिकाऊ मुलाने कोणत्या तारखेला किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत गाडी चालवली त्याची. शिकवणाऱ्याची आणि शिकणाऱ्याची, दोघांची सही. शेवटी मिळतं ते फॉर्म ५ चं प्रमाणपत्र.

कागदावर हे सगळं चोख आहे. रस्त्यावर काय होतं ते कोणत्याही शहरात सकाळी सात वाजता दिसतं. एका गाडीत तीन मुलं बसवतात. एक चालवतो, दोघं मागे मोबाइल बघत बसतात. तासाभराच्या फेरीत प्रत्येकाच्या वाट्याला वीस मिनिटं येतात. वीस दिवस गेले तरी हिशेब होतो ६ तास ४० मिनिटं. त्यातून सिग्नलला थांबणं आणि पुढच्या मुलाला घ्यायला त्याच्या सोसायटीपर्यंत जाणं वजा करा. स्कूलवाला सांगतो की तो पाच किलोमीटरची फेरी देतो, पण नियम किलोमीटरचा नाही, तासांचा आहे. पाच किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटांत संपतात.

त्याहून मोठं नुकसान ड्युअल कंट्रोलमुळे होतं. शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. तो जिवाच्या रक्षणासाठी आहे आणि असलाच पाहिजे. पण घाईत शिक्षक तो सतत वापरत राहतो. सिग्नलवरून गाडी निघताना हाफ क्लच तोच धरतो, पुढे रिक्षा आडवी आली की ब्रेक तोच दाबतो. मुलाला वाटतं, मला छान जमतंय. तो खरं तर फक्त स्टेअरिंग फिरवत असतो. घरची गाडी पहिल्यांदा हातात आली की ती जागेवर तीनदा बंद पडते आणि उड्डाणपुलाच्या चढावर मागच्या गाडीवर जाऊन टेकते. घाबरून क्लच एकदम सोडला की इंजिन बंद, आणि ब्रेकवरचा पाय उचलून ॲक्सिलरेटरवर जाईपर्यंत गाडी हातभर मागे. हे टाळायचं ते असं: हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळू सोडत बॉनेट किंचित उचललं जाईपर्यंत थांबायचं, थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा, मग हँडब्रेक सोडायचा. या एका गोष्टीला अर्ध्या अर्ध्या तासाचे दोन दिवस द्यावे लागतात. ते दिले नाहीत तर मुलगा चढ आला की घाबरतो, आणि घाबरलेला चालक मागे पाहत नाही.

पालकांनी एवढं करावं. शेवटच्या आठवड्यात एक दिवस मागच्या सीटवर बसून जावं आणि बोलू नये. फक्त शिक्षकाचे पाय बघावेत. ते सारखे हलत असतील तर मूल अजून शिकलेलं नाही.

ज्यांना अधिक चांगलं प्रशिक्षण हवं त्यांच्यासाठी केंद्राने १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची तरतूद केली. तिथे कारचा अभ्यासक्रम २९ तासांचा, त्यातले ८ तास वर्गात आणि २१ तास प्रत्यक्ष, आणि सगळा चार आठवड्यांत पुरा करायचा. तिथे उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चालवण्याची परीक्षा वेगळी द्यावी लागत नाही. पण ही सवलत नेहमीच्या ड्रायव्हिंग स्कूलला नाही. '१ जून २०२४ पासून आरटीओची परीक्षा बंद' असे मेसेज मोबाइलवर फिरले होते, तेव्हा मंत्रालयाला खुलासा करावा लागला. आजही कोणी स्कूल "आमच्याकडे टेस्टच नाही" म्हणत असेल, तर त्या केंद्राची मान्यता दाखवायला सांगा.

सोळा वर्षांच्या मुलांबद्दल स्पष्ट लिहिणं भाग आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ नुसार सोळा पूर्ण झाल्यावर चालवता येते ती ५० सीसीपर्यंतची दुचाकी, आणि विनागिअर दुचाकीच्या त्या लायसन्ससाठी पालकांची लेखी संमती लागते. हा नियम झाला तेव्हा गल्लीबोळातून लूना धावत होत्या. आज अकरावीची मुलं क्लासला नेतात त्या स्कूटर ११० आणि १२५ सीसीच्या आहेत. म्हणजे सोळाव्या वर्षी मिळालेलं लायसन्स त्या गाडीला लागूच होत नाही. "लायसन्स आहे की त्याच्याकडे" असं सांगणारे पालक खोटं बोलत नसतात, त्यांनी त्या लायसन्सवरचा वाहनप्रकार वाचलेला नसतो. अल्पवयीन मूल असं पकडलं गेलं तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजारांचा दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर या कलमाची चर्चा घरोघरी झाली. क्लासच्या पार्किंगमध्ये त्याचा परिणाम दिसत नाही.

शिकाऊ परवान्याची परीक्षा आता आधारच्या आधारे घरूनही देता येते. सोय उत्तम आहे. पण शेजारी बसून दादा उत्तरं सांगतो, किंवा सायबर कॅफेवालाच माउस हातात घेतो, आणि रस्त्याचे नियम शिकण्याची एकमेव सक्तीची वेळ निघून जाते. पास व्हायला ६० टक्के पुरतात. मुलं अडतात ती ठराविक जागी. निळ्या वर्तुळावर एक तिरकी लाल रेघ म्हणजे गाडी उभी करून ठेवायला मनाई, फुली म्हणजे क्षणभर थांबायलाही मनाई. त्रिकोण धोक्याची सूचना देतो, पण उलटा त्रिकोण समोरच्याला आधी जाऊ द्यायला सांगतो. पिवळा दिवा लागला की वेग वाढवायचा, हे तर मुलं घरातल्या मोठ्यांकडूनच शिकून येतात. या चिन्हांचा तक्ता जेवणाच्या टेबलाशेजारी लावा, आठवड्यात पाठ होतो.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला किमान ३० दिवसांनी बसता येतं. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात परवाना काढला तर जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर परीक्षा देता येते. पण बरेच जण ती पुढे ढकलतात, मुलगी इंजिनिअरिंगला परगावी जाते, दिवाळीला येते तोवर मुदत संपत आलेली किंवा संपलेली असते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. परीक्षेची तारीख ३० दिवस पूर्ण होताच, शिकवणी चालू असतानाच घ्या. नापास झाल्यास सात दिवसांनी पुन्हा बसता येतं, तीनदा नापास झाल्यास मात्र ६० दिवस थांबावं लागतं. सरकारी शुल्क फार नाही: शिकाऊ परवान्याला वाहनाच्या प्रत्येक प्रकाराचे १५० आणि परीक्षेचे ५०, पक्क्याला प्रत्येक प्रकाराच्या परीक्षेचे ३०० आणि लायसन्सचे २०० रुपये. बाकी जे पैसे पॅकेजमध्ये जातात ते शिकवण्याचे आहेत, तेव्हा शिकवणं मागून घ्या.

या सहा महिन्यांत 'एल' बोर्ड पुढे आणि मागे दोन्हीकडे हवा: पांढऱ्यावर लाल अक्षर, बोर्ड किमान १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर किमान १० सेंटिमीटर उंच. शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती, गाडी थांबवता येईल अशा जागी. शिकाऊ परवान्यावर दुचाकीच्या मागे मित्राला बसवता येत नाही, बसलाच तर लायसन्स असलेला शिकवणारा. मागच्या काचेच्या कोपऱ्यात चिकटवलेला तळहाताएवढा 'एल' कोणालाच दिसत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचा दावाही अडू शकतो.

दुचाकीचं तर बहुतेक ठिकाणी प्रशिक्षणच होत नाही. मैदानात मामेभावाने शिकवलेलं तेवढंच. मुलं मागच्या ब्रेकवरच विसंबतात, पुढचा दाबला की उलटून पडू अशी भीती त्यांना कोणीतरी घातलेली असते. हँडल सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू जोर वाढवत दाबायला मोकळ्या जागेत वीस-पंचवीस वेळा शिकवलं पाहिजे. पहिला पाऊस पडल्यावर, रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिसळून निसरडं झालेलं असताना, हे शिकायला उशीर झालेला असतो. मे मध्ये कार शिकलेल्यांनाही जूनमध्ये दोन फेऱ्या पावसात आणि एक अंधारात दिल्या पाहिजेत: आतून धूसर झालेल्या काचेला एसी कसा लावायचा, समोरच्या दिव्यांनी डोळे दिपले की डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर नजर कशी ठेवायची, आणि ताशी ६० ला गाडी दर सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते म्हणून पुढच्या गाडीपासून किती मागे राहायचं.

परिवहन विभागाकडे मागणी एकच आहे. ड्रायव्हिंग स्कूलमधून शिकून पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराकडे मोटार वाहन निरीक्षकाने फॉर्म १५ ची नक्कल मागावी आणि तारखा, वेळा, सह्या पाहाव्यात. सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेल्या असतील तर ते कागदावर लगेच कळतं. पालकांनीही ती नक्कल शेवटचा हप्ता देण्यापूर्वी हातात घ्यावी, आणि मुलाला विचारावं की यातल्या किती सह्या त्याने स्वतः, त्या त्या दिवशी केल्या आहेत.

आपला,
मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा एक प्रशिक्षक, सातारा