आत्याच्या अंगात काही येत नव्हते

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

बाबांच्या आजाराला हंटिंग्टन, म्हणजे मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जाणारा आनुवंशिक आजार, हे नाव मिळून येत्या महिन्यात दोन वर्षे होतील. त्याआधी त्यांच्यावर तीन वर्षे मानसिक आजाराचे उपचार झाले, आणि चालताना जाणारा झोक पाहून ते पितात असा समज गल्लीत पसरला होता. ज्या माणसाने जन्मात दारूला हात लावला नाही, त्याला हे बोलणे ऐकून घ्यावे लागत होते.

आपण पहिल्या भेटीत घराण्याचा तक्ता काढायला घेतलात आणि घरात आणखी कोणाला असे झाले होते का, असे विचारलेत. मी नाही म्हणालो. बऱ्याच वेळाने, अडखळत, बाबांनीच आत्याचे नाव घेतले. तिचे हातपाय आपोआप हलत, म्हणून तिच्या अंगात येते असे सासरच्यांनी ठरवले होते आणि त्याच समजात ती गेली. आपण काही न बोलता तक्त्यातले तिचे वर्तुळ पेन्सिलीने सावकाश भरलेत. तिच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी तिला कोणीतरी आजारी मानले, यासाठी मी आपला सर्वांत जास्त ऋणी आहे.

पुढे आपण कागदावर सीएजी ही डीएनएची तीन अक्षरे एकापुढे एक लिहीत गेलात. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात ही अक्षरे बहुतेकांमध्ये सव्वीसपेक्षा जास्त वेळा येत नाहीत, चाळीस किंवा त्याहून अधिक वेळा आली तर आयुष्यमान पुरेसे असल्यास आजार होतोच, आणि बाबांच्या अहवालात आकडा ४४ होता. या वाढीमुळे हंटिंगटिन नावाच्या प्रथिनाला ग्लुटामाइन या अमिनो आम्लाची लांब शेपटी फुटते, त्याची घडी बिघडते आणि त्याचे तुकडे मेंदूतल्या पेशींच्या आत गुठळ्या होऊन साचत जातात, हे मला त्या कागदावरून समजले. पेशी या गुठळ्यांमुळे मरतात की त्याआधीच्या सुट्या तुकड्यांमुळे, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही, हेही आपण लपवले नाहीत. व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या कुटुंबांनी दिलेल्या रक्ताच्या नमुन्यांच्या मदतीने १९८३ मध्ये या जनुकाची जागा कळली आणि १९९३ मध्ये जनुक हाती आले, हे आपण सांगितलेत, तेव्हा आमच्यासारखीच घरे इतक्या दूरही आहेत याचा मला विलक्षण आधार वाटला.

टेट्राबेनाझिन या औषधाने आपोआप होणाऱ्या हालचाली कमी होतील, आजार थांबणार नाही, हे आपण स्पष्ट सांगितलेत. पातळ ताकाने बाबांना ठसका लागतो हे ऐकताच आपण गिळण्याच्या तपासणीसाठी चिठ्ठी दिलीत. आता ते घट्ट पेज चमच्याने, हनुवटी थोडी खाली घेऊन खातात, आणि जेवताना आईचा जीव टांगणीला लागत नाही.

मला आणि धाकट्या बहिणीला हा दोष मिळाला असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी आहे. तपासणी करून घेण्यासाठी नातेवाईक मागे लागले असताना, न जाणून घेण्याचाही मला हक्क आहे, असे सांगणाऱ्या आपण एकट्याच होतात. मी अजून रक्त दिलेले नाही, आणि त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. बहिणीने मात्र तपासणीचा निर्णय घेतला आहे. लग्नाआधी तिला जाणून घ्यायचे आहे. पुढच्या मंगळवारी ती आपल्याकडे येईल. सोबत मी असेन, पण आपल्या पद्धतीप्रमाणे सुरुवातीला तिच्याशी एकटीशीच बोलावे, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
एका रुग्णाचा मुलगा