निळ्या पिशवीची पावती

समूहसंघटिका ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सरकारी नोकरीत कधी कधी कौतुकही नडतं. पण आभार चार लोकांत मानायचे आहेत, कारण माझा अपमानही चार लोकांतच झाला होता.

बाइंडिंगखाना बंद पडला, मग बायको गेली, मग भाड्याची खोली गेली. त्यावर जास्त लिहीत नाही. रात्र निवाऱ्यात जागा मिळाली, पण सकाळी सात वाजले की बाहेर. अंगात ताप असला तरी सात म्हणजे सात. संध्याकाळपर्यंत माणसाने जायचं कुठे? देवळाच्या पायरीवरून उठवतात, बागेचं फाटक दुपारी बंद, स्टेशनवर काठी. आमचं रात्रीचं झोपणं सगळ्यांना दिसतं, आमचा दिवस कुणाला दिसत नाही. 2011 च्या जनगणनेतसुद्धा बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. देशभरात 17 लाखांवर माणसं भरली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती कुठे गेली, हे कोण विचारणार?

तुम्ही विचारलंत.

त्याआधीचं सांगतो. माझी पहिली पिशवी अतिक्रमणच्या गाडीत गेली. मी नळावर तोंड धूत होतो, तेवढ्यात उचलली. गोदामावर तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला तिथला माणूस सगळ्यांसमोर म्हणाला, "कचरा होता तो, टाकला." त्या कचऱ्यात आमच्या लग्नाचा एकुलता एक फोटो होता. तेव्हापासून दुसरी पिशवी, ही निळी, मी हातातून सोडलीच नाही. संडासातही घेऊन जायचो. आणि तीच पिशवी माझं काम घालवत होती. लग्नसराईत वाढपी म्हणून जायला उभा राहिलो, की केटररचा मुकादम आधी पिशवी बघायचा, मग मला. "बोचकंवाले बाजूला व्हा." टेम्पो निघून जायचा.

आमच्यासारख्यांना दिवसा थांबता येईल अशा नव्या केंद्रात काय काय हवं, याची माहिती घ्यायला तुम्ही आलात. बाकीच्यांनी जेवण सांगितलं, दवाखाना सांगितला. मी गप्प बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "काका, ही पिशवी दिवसभर कुठे ठेवता?" मी म्हणालो, "हातात." तुम्ही थोडा वेळ काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात, "माझ्या कपाटात ठेवा. पण अशी नाही, पावती करून."

आणि खरंच कागद घेतलात. माझं नाव विचारलंत, वडिलांचं विचारलंत, आडनाव विचारलंत. 'श्री.' लिहून पुढे सगळं पूर्ण लिहिलंत. आतली एकेक वस्तू माझ्यासमोर मोजलीत: आधार कार्ड, रक्तदाबाच्या गोळ्या, पांढरा शर्ट, चष्म्याची एक काडी. शर्ट होत्या त्याच घडीवर परत ठेवलात. शिक्का नीट उमटला नाही, तर त्यावर तोंडाची वाफ सोडून पुन्हा मारलात. मी आयुष्यभर दुसऱ्यांची नावं पुस्तकांच्या पाठीवर चढवली. माझ्या नावाची इतकी निगा कुणी राखलेली मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पांढरा शर्ट घालून, मोकळ्या हातांनी उभा राहिलो. मुकादमाने बोट केलं, "तू, चढ." टेम्पोत हात कुठे ठेवावेत तेच कळेना.

पुढे बैठकीला तुम्ही आम्हा तिघांना खुर्च्यांवर बसवलंत. साहेबांना ऐकवलंत, की 2010 मध्येच सर्वोच्च न्यायालयाने चोवीस तास, बाराही महिने चालणारे निवारे करायला सांगितले आहेत, दर लाख लोकवस्तीमागे एक. म्हणजे आम्हाला सकाळी सातला हाकलायचा नियम कुणाचा होता? इतकी वर्षं त्या खुर्च्यांवर बसलेल्यांना हे माहीत नव्हतं, की माहीत असून उबदार वाटत होतं? मला अजून राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

केंद्राच्या नकाशात ऑफिस होतं, टीव्हीचा हॉल होता. कपाटं नव्हती. तुम्ही पेन्सिल माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "काका, कुठे हवीत ते दाखवा." मी न्हाणीघराच्या दाराशी चौकोन काढले. अंघोळ करताना डोळ्यांसमोर सामान असलं की माणूस डोक्यावर निवांत पाणी घेतो.

चांगुलपणाला पैसा लागत नाही असं लोक म्हणतात. लागतो, केंद्राला तर भरपूर लागेल, आणि तो मंजूर झालाच पाहिजे. पण तुम्ही दिलेला वेळ कुठल्याच बजेटात नव्हता. तुमच्या ऑफिसातला शिपाईही तसाच. जेवणाची सुट्टी सोडून कपाट उघडून द्यायचा, आणि एकदाही तोंड वाकडं केलं नाही. अशा माणसांच्या जिवावर हे शहर उभं आहे.

एकच मागणं आहे. केंद्र सुरू झालं की कपाटांना नंबर द्या, माणसांना देऊ नका. पावती नावानेच करा, पूर्ण नावाने.

मला आता कामाच्या ठिकाणीच राहायला जागा मिळाली आहे. पिशवी घेऊन गेलो, तेव्हा पावती परत द्यायची राहिली. नियमाने ती तुमच्या फाइलला लागायला हवी. पण माझ्या शर्टाच्या खिशात आहे, तिथेच राहू द्या.

आपला नम्र,
रात्र निवाऱ्यातले काका