रोमन सैनिकाचा पगार मिठात नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतल्या मिठावरच्या लेखात ‘रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ मिळे, त्यावरूनच सॅलरी हा शब्द आला’ असं वाचलं. खाल्ल्या मिठाला जागायची शिकवण मिळालेल्या आपल्या लोकांना ही कथा चटकन पटते. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा छापली जाते आणि मुलं तेच पाठ करतात. सॅलरीचं मूळ असलेल्या ‘सलारियम’ या लॅटिन शब्दाचं मिठाशी नातं आहे, तेवढं खरं. पण सैनिकांना मीठ मोजून पगार दिल्याचा पुरावा नाही. त्यांच्या पगाराला ‘स्टिपेंडियम’ असा वेगळाच शब्द होता आणि तो रोख नाण्यांत मिळे.

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याच्या काळात साध्या पायदळ सैनिकाला वर्षाला चांदीचे २२५ देनारियस मिळत, ७५-७५ च्या तीन हप्त्यांनी. म्हणजे रोजचे जेमतेम १० आस. १६ आसांचा एक देनारियस. इ.स. १४ मध्ये ऑगस्टस वारला आणि पॅनोनिया या डॅन्यूबकाठच्या प्रांतातल्या फौजांनी बंड केलं. त्यांचं गाऱ्हाणं रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहून ठेवलंय: आमच्या जिवाचं आणि शरीराचं मोल दिवसाला १० आस, त्यातच कपडे, हत्यारं, तंबू भागवायचे आणि सेंच्युरियनचा, म्हणजे तुकडीच्या नायकाचा, मार चुकवायला त्याचे हातही ओले करायचे. रोज एक देनारियस द्या, ही त्यांची एक मागणी होती. पगार वाढून ३०० झाला तो थेट सम्राट डोमिशियनच्या वेळी, जवळजवळ सत्तर वर्षांनी.

मी नोकरीभर पगारपत्रकं लिहिली. त्यामुळे इजिप्तमध्ये सापडलेल्या इ.स. ८१ च्या एका पपायरसने (लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाने) मला फार धरून ठेवलं. क्विंटस ज्युलियस प्रोक्युलस नावाच्या सैनिकाचं ते खातं आहे, हिशेब देनारियसऐवजी द्राख्मा या तिथल्या नाण्यांत. पहिला हप्ता २४८. वजावट: गवत १०, अन्न ८०, बूट आणि पट्टे १२, छावणीतला सॅटर्नेलियाचा सण २०, कपडे ६०. उरले ६६. मागची शिल्लक १३६ धरून २०२ जमा. दुसऱ्या हप्त्यात बरे १४२ शिल्लक पडले. तिसऱ्यात उरलेलं सगळं कपड्यांनीच नेलं आणि शिल्लक होती तिथेच राहिली, ३४४ वर. बुटांचे १२ मात्र तिन्ही वेळा कापलेत. पायी चालणाऱ्या माणसाचे बूट ते, झिजणारच. पण ते सरकारी कामात झिजले आणि भरपाई त्याच्या पगारातून झाली, हे वाचताना आजही वाईट वाटतं.

या संपूर्ण हिशेबात मिठाचा रकाना कुठेच नाही. पुढच्या पुरवणीत कृपया दुरुस्ती छापावी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त लेखापाल, सातारा